माझ्या नावाचं रक्त

युसूफ वडगाव, ता. केज
१८ जानेवारी २०१६

रामकिसन,

पत्राच्या माथ्याला 'चिरंजीव' लिहायची आपल्या घरात रीत हाय. बाप गेल्यापासून मी तुला तसंच लिहीत आलो. आज हात उठला न्हाई. नुसतं नाव लिहिलंय, त्यात भागव.

फोन करून पाहिला. माझा नंबर दिसला की कट करतोस. साठीचा बाप्या तू, अन् रुसलेल्या नव्या सुनंवाणी वागतोस. म्हणून हा कागद.

डिसेंबरात तुझं पाकीट आलतं. वरचं अक्षर ओळखलं अन् न फोडता बंबात घातलं. काय असणार त्यात? माफी मागितली असशील, न्हाईतर वाटणीचं काढलं असशील. मला दोन्ही नको होतं. टँकर पाच दिवसाला येतो, आंघोळीला माणशी एक बादली. तेवढी तापवायला तुझं पाकीट कामी आलं.

सोसायटीचे तेरा संचालक. सहा हात माझ्याकडं, सहा माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या भारतकडं. तेरावा माझ्या सख्ख्या भावाचा. एकवीस वर्सं चेअरमन होतो मी. तू हात वर केलास भारतसाठी, अन् केलास तो बी माझ्या डोळ्यात बघत. मान खाली घालून केला असतास तर म्हणलो असतो, चला, लाज तरी हाय. मग आठ दिवसांत बिऱ्हाड बांधून सांगलीकडं जावयाच्या दारात जाऊन बसलास. ऐकतो की तिकडं कारखान्याच्या गेटवर शिट्टी वाजवतोस. चाळीस एकराच्या घरातला माणूस वॉचमन. बाप असता तर हसून मेला असता.

असो. कामाचं बोलतो.

गांधी जयंतीला सोसायटीत शिबिर घेतलतं, ते आठवत असंल. पंचावन्नच्या वरच्या बाप्यांसाठी. लघवीच्या पिशवीखाली एक गाठ असती म्हणे, प्रोस्टेट. तिचा कॅन्सर रक्तातून हुडकायचा. सरकारी दवाखान्यातली ती पोरगी डॉक्टर पाऊण तास बोलली. हा रोग मुका असतो, दुखत न्हाई, दुखायला लागला की वेळ गेलेली असती. तिच्यामागं बोर्ड होता, 'पुरुषांचे लघवीचे विकार', हातभर अक्षरात. अख्खं गाव तो बोर्ड वाचून पाराजवळच थांबलं. एक बाप्या पायरी चढंना. मिश्यांना पीळ देणारे सगळे चपलांकडं बघत बसलते. तवा चेअरमननंच पुढं व्हावं लागतं. मी बाही वर केली, पेपरवाल्यानं फोटो काढला, अन् मी पडद्यामागं गेलो.

पडद्यामागं तुला बसवलं. तू विचारलंस, "कावून दादा?" मी म्हणलो, "नाव माझं सांग अन् हात पुढं कर." तुला काय नवीन होतं ते? बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर हजेरीपटावर नाव माझं असायचं अन् खडी तू फोडायचास. सोळा वर्साचा होतास. मी मुकादमासंगं चहा प्यायचो. तवा कवा तक्रार केली न्हाईस. रक्ताचं बी तसंच. एका आईचं दूध, त्यात तुझं काय अन् माझं काय.

तर त्या रक्ताचा कागद परवा आलाय. माझ्या नावानं. चारच्या आत पाहिजे तो आकडा एकोणीस हाय. खाली लिहिलंय, तातडीनं भेटा. आकडा मोठा म्हंजी कॅन्सरच असं न्हाई, असं ती पोरगी भाषणात म्हणलीती. पण तपास करायला पाहिजे. कागदावर सुंदरराव लिहिलंय, रक्त तुझं हाय, हे जगात आपल्या दोघांनाच ठावं; सोसायटीचा शिपाई मुंजाजी काई तोंड उघडत न्हाई.

जाऊन दाखव. उपकार करत न्हाई तुझ्यावर. तू उद्या बोंबलत आलास अन् गावानं विचारलं की चेअरमनचं रक्त याच्या अंगात कसं गेलं, तर उत्तर द्यायला मला वेळ न्हाई.

सुंदरराव


युसूफ वडगाव
२३ फेब्रुवारी २०१६

रामकिसन,

महिना झाला. तुझं उत्तर न्हाई. पोष्टमन दारावरून जातो अन् मी ओसरीवर बसलेला असतो, हे तुला कळलं असतं तर तिकडं पेढे वाटले असतेस.

गेला नसशील तू. ओळखतो ना तुला. ती तपासणी कशी असती ते कुणीतरी सांगितलं असंल. डॉक्टर मागून बोट घालून गाठ चाचपतो. ऐकूनच तू गोधडीत शिरला असशील. बाईमाणसाची आठ-आठ बाळंतपणं होतात, दहा जणी बघतात, ती काई बोलत न्हाई. अन् आपल्याकडचा वाघ एका बोटाला भितो. वाघ कसला, म्हसोबाचा बोकड.

आपल्या शेजारच्या राधाकिशनचं ऐक. दोन वर्सं त्याची धार तुटत होती. लघवीला गेला की भिताडाला हात लावून अर्धा तास उभा. विचारलं की म्हणायचा, उष्णता हाय. धन्याचं पाणी पिला, सब्जा पिला, कुणीतरी सांगितलं म्हणून नवसाला नारायणगडाला जाऊन आला. मग कंबर धरली. तिला मालिश. मग पाय गेले. बीडला नेला तवा रोग हाडात उतरलता. गेल्या गुरुवारी त्याला जाळून आलो. बायकोला शेवटच्या महिन्यापर्यंत सांगितलं न्हाई त्यानं. अन् जळणाजवळ बसून आपले लोक काय म्हणत होते? मणक्यानं गेला. मी बी म्हणलो, हो, मणका लई वंगाळ. गाव असं की उद्या शपथेवर सांगंल, आमच्यात हा रोग कुणाला झालाच न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती तशीच सरणावर ठिवायची.

तसल्यात तुझा नंबर लागू नये म्हणून लिहितोय. दुसरं काई न्हाई.

दवाखान्याची बी गंमत बघ. 'तातडीनं भेटा' लिहिलं अन् नंतर एक माणूस इचारायला आला न्हाई. एकोणीस आकड्याचा चेअरमन मेला का जगला, कुणाला पडलंय? सरकारी काम, सहा महिने थांब.

इथं भारत चेअरमन म्हणून छावणीतल्या जनावरांसमोर फोटो काढतो. उसाच्या चिपाडावर जगवलेल्या गाई, त्यांच्या फासळ्या मोजून घ्याव्या, अन् हे बेणं त्यांच्या गळ्यात हात टाकून हसतं. मीटिंगला मी अजून जातो. संचालक हाय मी, मेलो न्हाई. खुर्ची दाराजवळची घेतो, बाहेर जायला बरी पडती. परवा भारत सगळ्यांसमोर म्हणला, "आण्णा, तासात तीनदा उठता, ठराव आवडला न्हाई का?" सगळे हसले. मी म्हणलो, तुझ्या तोंडाकडं बघवत न्हाई म्हणून उठतो. आता मीटिंगच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत न्हाई. दुष्काळात तेवढंच पाणी वाचतं.

माझं काई न्हाई ते. थंडीचं असतं. तुझी वहिनी जानेवारीपासून एकच भुणभुण लावून बसलीय, एकदा दवाखान्यात जाऊन या, एकदा जाऊन या. तिला म्हणलं, तुळजाबाई, तुझं वय झालं, तू जा.

तू मात्र जा.

सुंदरराव


युसूफ वडगाव
९ एप्रिल २०१६

रामकिसन,

काल पाडवा होता. गुढी उभारली, साखरंची गाठी आणली, पुरणाला फाटा दिला. वहिनीनं माझं ताट वाढलं, अन् ताटाशेजारी कागद ठिवला. तोच. माझ्या टेबलाच्या कप्प्यातला, कुलपातला. किल्ली कुठून घेतली इचारलं न्हाई मी.

मला वाटलं आता रडंल, तिला वाटत असंल आकडा माझाच हाय. रडली न्हाई. म्हणली, "वरची तारीख वाचून दाखवा."

मी म्हणलो, चष्मा न्हाई. तिनं चष्मा आणून दिला.

नऊ ऑक्टोबर.

म्हणली, "परवा आलाय म्हंजी कोणत्या परवाला?" अन् आत गेली. काल दुपारपासून माझ्याशी एक शब्द न्हाई. म्या 'परवा' लिहिलतं हे तिला कसं कळलं, हे मला आता लिहिता लिहिता सुचतंय. तुझ्या बायकोचा, वच्छलाचा, फोन येत असणार. म्हंजी माझं पत्र पोचलंय, अन् तू वाचून गप बसलाईस.

बरं, मग ऐक. आता लपवून काय उपेग.

कागद त्याच आठवड्यात पोष्टानं आला. सोसायटीच्या टेबलावर मीच फोडला. एकोणीस वाचलं अन् पहिलं काय वाटलं सांगू? बरं झालं, माझं रक्त दिलं न्हाई. आधी हेच वाटलं. हा आकडा तुझा हाय, हे त्याच्यामागून आलं. तेवढा मी नालायक हाय, लिहून ठिव.

तुला बोलवून सांगायला किती वेळ लागला असता? आपली घरं एका भिताडाची. पण सांगितलं असतं तर तू दवाखान्यात गेला असतास, तिथं खरं बोलला असतास, तुला दुसरं जमत न्हाई. मग पेपरात बाही वर केलेला चेअरमन अन् रक्त भावाचं. महिन्यावर निवडणूक. भारतनं ढोल लावून सांगितलं असतं. म्हणलं, महिना जाऊ द्या. मुका रोग हाय, महिन्यानं काय बिघडतंय.

अन् दिवाळी. पाडव्याला तुमी सगळे आमच्याकडं जेवायला होता. हात धुताना तू इचारलंस, "दादा, त्या रक्ताचं काई आलं का?" माझ्या हातावर पाणी तूच घालत होतास. मी म्हणलो, "सगळं साफ हाय. तुझं रक्त म्हंजी दूध." तू तांब्या खाली ठिवलास अन् माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, तुला हायसं वाटलं.

मग वीस नोव्हेंबरला तू हात वर केलास. त्या दिवशी घरी येऊन कप्पा उघडला, कागद बघितला, अन् म्हणलो, मर. तोंडानं म्हणलो. पुढं दोन महिने मी तोच शब्द धरून बसलो. जानेवारीत राधाकिशनचे पाय गेले, तवा तुला पहिलं पत्र लिहिलं. त्यात बी खोटं लिहिलं.

सहा महिने झाले, रामकिसन. मोजले मी. ती पोरगी म्हणलीती, लवकर सापडला तर काढून टाकता येतो. माझ्यामुळं सहा महिने गेले. तू मला शिव्या दे, कोर्टात ओढ, पण आज गाडीत बस अन् डॉक्टरकडं जा. एका ओळीत कळव की गेलो म्हणून. न्हाई लिहिलंस तर मीच येतो तिकडं, गेटवर उभा राहतो, तू वाजव शिट्टी.

सुंदरराव


युसूफ वडगाव
२ मे २०१६

चि. रामकिसन,

तुझं पत्र आलं. पाच वेळा वाचलं. माझ्याच हातानं उतरवून काढतो, म्हंजी आपण काय केलं ते हाताला बी कळंल.

तू लिहितोस: 'दादा, मुंजाजी शिपाई पडद्यामागं फॉर्म भरत होता. नाव तुमचं सांगायचं म्हणून तुमी सांगितलतं. मोबाईल नंबराचं काई सांगितलं नवतं. त्यानं इचारला, मी माझा दिला. नऊ तारखेला दुपारी मला मेसेज आला, सुंदरराव यांचा आकडा एकोणीस. दहाला मी डॉक्टरबाईंकडं जाऊन खरं सांगितलं. त्या रागावल्या न्हाईत. म्हणल्या, बरं झालं आलात. म्हणूनच दवाखान्यातून तुमच्याकडं पुन्हा कुणी आलं न्हाई. रोगी त्यांना सापडलता.'

अन् मी फेब्रुवारीत तुला लिहितो, दवाखान्याला काई पडलं न्हाई. नाकानं कांदे सोलायचा धंदा जुना माझा.

तू लिहितोस: 'कागद तुमच्याकडं बी गेलाय, हे बाईंनीच सांगितलं. मी वाट बघितली. दादा आज सांगंल, उद्या सांगंल. दिवाळीत न राहवून तोंडानं इचारलं. तवा मेसेज माझ्या खिशात होता. तुमी दूध म्हणलात. तरी वीस तारखेपर्यंत थांबलो. मीटिंगला आत जाताना तुमी माझ्या खांद्यावर हात ठिवलात, वाटलं, आता. तुमी म्हणलात, हात वर करताना कचरू नको. मग मी कचरलो न्हाई.'

एका मताला मी सहा महिने गद्दारी म्हणत फिरलो. पारावर, छावणीत, राधाकिशनच्या सरणाजवळ.

तू लिहितोस: 'मिरजेला तपास झाला. कॅन्सरच होता, पण गाठीच्या आतच होता. जानेवारीत काढून टाकला. तुमचं पहिलं पत्र आलं तवा मी कॉटवर होतो. परवा आलाय, हे वाचलं अन् घडी घालून उशाखाली ठिवलं. ह्या पाडव्याचं पत्र आलं तवाच ठरवलं की उत्तर द्यायचं. वॉचमन मी न्हाई. जावई गेटवर हाय, मी त्याला डबा घेऊन जातो.'

अन् शेवटी: 'डिसेंबरातल्या पाकिटात एवढंच होतं की सख्ख्या भावाला हा रोग असला तर दुसऱ्याला धोका दुप्पट असतो, तुमी तपासून घ्या. कळल्याच्या दुसऱ्या दिवशी पोष्टात टाकलं. तुमी बंबात घातलं म्हणता. मग वच्छलानं वहिनीला सांगितलं. तुमच्या रक्तात काय हाय ते अजून कुणालाच ठावं न्हाई, दादा. तुमचं रक्त कुणी घेतलंच न्हाई. तासात तीनदा उठायला लागून किती दिवस झाले?'

तीन वर्सं. तुला खरं सांगतो, तीन वर्सं झाली.

शिबिराच्या दिवशी बी मला ठावं होतं. अर्धा तास भिताडाला हात लावून मीच उभा राहायचो, राधाकिशनचं बघून हसत. म्हणून तुला खुर्चीत बसवलं. बोर्डाची लाज वरची. आतून मला त्या आकड्याची भीती होती. सहकारात चाळीस वर्सं काढली, कुणाच्या बापाला भ्यालो न्हाई, अन् एका शीशीला भ्यालो. तू सोळा वर्साचा असताना माझ्या नावानं खडी फोडलीस, साठीत माझ्या नावानं सुई घेतलीस, अन् मी तुला दुधाची उपमा दिली.

तू वाचलास. त्यात माझा काडीचा हात न्हाई. असलाच तर तुला मारण्यात होता. हे मी गावात सांगणार हाय. भारतला ढोल लावू दे.

दादा


अंबाजोगाई
११ मे २०१६

चि. रामकिसन,

वहिनी शेजारी बसलीय, दवाखान्याच्या बाकावर. पाडव्यानंतर काल पहिल्यांदा बोलली. म्हणली, "टोपी घाला, निघा."

परवा मीटिंगमधी सगळं सांगितलं. उभं राहून. भारतला वाटलं मी अविश्वासाचा ठराव आणतोय, तो आधीच घामाघूम. सांगून झालं तरी कुणी हसलं न्हाई. बाहेर आलो तर मुंजाजी चपला हुडकून देता देता हळूच म्हणला, "मालक, मला बी तीनदा उठावं लागतं." त्याला संगं आणलाय. आता तो ओळीत उभा हाय.

बोटाची तपासणी झाली. दोन मिंटं बी लागली न्हाईत. ह्याच्यासाठी राधाकिशन मेला. डॉक्टरचा चेहरा बघितला मी, आपण माणसांची तोंडं वाचण्यात जन्म घातलाय. त्यानं काई सांगितलं न्हाई, पण कंबर दुखती का म्हणून दोनदा इचारलं. दुखती. थंडीपासून दुखती. आता मे हाय.

रक्त दिलं. काचेमागं बसलेल्या पोरीनं नाव इचारलं. मोठ्यानं सांगितलं, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं, बापाच्या नावासकट. अन् हात माझाच होता, वहिनी साक्षीला हाय.

मग तिनं मोबाईल नंबर इचारला. माझा सांगायला तोंड उघडलं अन् थांबलो. माझ्याकडं मेसेज आला तर मी काय करीन हे मला चांगलं ठावं हाय. कप्पा हाय, कुलूप हाय. वहिनीला म्हणीन, सगळं साफ.

तुझा नंबर दिलाय. शुक्रवारी येईल. फोन कर, मी उचलतो. जो आकडा असंल तो सांग.

दादा